लेट बाई कमिंग

साल दोन हजार पंचवीस, माझं वय अठ्ठ्याहत्तर, आणि बाई, तुमच्या नंबरावरून आलेल्या मेसेजचा पहिला शब्द मी स्वतः वाचला. एल, ए, टी, ई. लेट. चष्मा न लावता वाचला, म्हणून जरा ऐटीतच नातीला हाक मारली. "सायली, तुझ्या बाईंना उद्या क्लासला उशीर होणार आहे गं. पोरांना कळव, साडेनवाला या म्हणावं."

सायलीने फोन घेतला. पुढचं सगळं मनातल्या मनात वाचलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजोबा, हा लेट म्हणजे उशीर नाही. आपण नावाआधी कै. लिहितो ना, तो."

शनिवारची दुपार होती. तुम्ही त्याच्या आधीच्या रविवारी एवढंच म्हणाला होता, "जिना चढताना दम लागतो, मामा, डॉक्टरला दाखवते." हॉस्पिटलात गेलात, मुलगी हॉलंडहून धावत आली, यातलं एक अक्षर मला कळवलं नाहीत. आणि तुमच्या फोनवरून तिने पाठवलेल्या मेसेजने कळलं, तेही कुठल्या शब्दाने! जगात एवढे इंग्रजी शब्द, त्यातला नेमका तोच.

आता आमच्या गणपती मंडळाच्या स्मरणिकेत तुमच्यावर लिहायचं ठरलंय. मंडळाची पोरं म्हणाली, "मामा, तुम्ही बोला, आम्ही टाईप करतो." मी म्हटलं, चौथी पास माणूस आहे, लिहिता येतं मला. सायली शुद्धलेखन तपासायला वही मागते, तीही देत नाही. चुका राहू देत. तुमचा जन्म कधी, शिक्षण किती, ते तुमच्या गिरगावच्या फणसवाडीतले लोक लिहितील. मी तुमच्याशी बोलणार आहे, कारण आपलं भांडण अर्धं राहिलंय.

मिलचा संप झाला, मिल गेली, आणि मी परळच्या त्या मराठी शाळेत शिपाई म्हणून लागलो. शाळेतल्या शिक्षिका सगळ्यांच्या बाई, आणि शिपाई सगळ्यांचा मामा. मी तुमच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, पण वीस वर्षं आपण तसेच राहिलो, बाई आणि मामा. तुमचा इंग्रजीचा वर्ग जिन्याजवळ, आणि माझं स्टूल वर्गाच्या दाराला लागून. वीस वर्षं मी तुमचं इंग्रजी बाहेरून ऐकलंय. परीक्षेला बसवलं असतं तर मीही पस्तीस मार्क काढले असते.

तुम्ही फळ्यावर लिहायच्या, 'ओपन द विंडो'. मग मोठ्याने म्हणायच्या, "ओपन द विंडो म्हणजे खिडकी उघडा." साठ पोरं एका सुरात म्हणायची, "ओपन द विंडो म्हणजे खिडकी उघडा." वहीत पाच वेळा लिहून आणायची. आणि तुमच्या वर्गाची ती मागची खिडकी गंज धरून बसलेली. रंगकाम निघालं तेव्हा मी हातोडी मारून उघडली. तुम्हाला म्हटलंसुद्धा, "बाई, एवढी वर्षं सगळे बोंबलतायत खिडकी उघडा, पण एक माणूस कधी उठला नाही."

तुम्हाला राग आला होता. "मामा, तुम्ही घंटा वेळेवर द्या, शिकवायचं मी बघते." दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाहीत.

पण राग माझाही होता, आणि त्याहून जुना. तो कशाचा ते सांगतो, म्हणजे वाचणाऱ्यालाही कळेल.

मला शाळेत लागून तीन-चार वर्षं झाली असतील. एक मोठे साहेब तपासणीला आले. सूटबूट. गेटवर मी. त्यांनी इंग्रजीत विचारलं, हेडबाई कुठे आहेत? हेडबाईंनी फोन करून कळवलं होतं की उशीर होतोय, पण येतेय. मला सगळं समजलं होतं. मराठीत सांगता आलं असतं. पण मी म्हटलं, साहेब इंग्रजीत विचारतोय तर इंग्रजीत सांगू, आपण काय कमी आहोत? छाती काढून म्हणालो, "सर, लेट बाई कमिंग!"

साहेब म्हणाले, "म्हणजे वारलेल्या बाई येतायत?" आणि हसत सुटले. बरोबरचे दोघे हसले. आणि वर जिन्यावरून एक बाईमाणूस हसल्याचा आवाज आला, तो तुमचा होता. महिनाभर शिक्षकांच्या खोलीत तेच. हेडबाई आल्या की कोणीतरी हळूच म्हणायचं, "आल्या हो, लेट बाई आल्या."

त्या दिवशी मी ठरवलं, आता मरेपर्यंत इंग्रजीत एक वाक्य बोलणार नाही. आणि बाई, माझं ठरलेलं मोडत नाही. हे तुम्हाला माहीत आहे.

शाळा सुटली, दोघंही रिटायर झालो. तुम्ही मुलीकडे हॉलंडला सहा महिने राहून आलात आणि थेट लालबागला आमच्या घरी. हातात चीजचा मोठा तुकडा. आमच्या मालवणी मंडळींनी, म्हणजे सायलीच्या आजीने, तो चाखला आणि मला आत बोलावून म्हणाल्या, "साबण खावक दिल्यानी की काय बाईंनी?" तुम्ही ऐकलंत आणि हसून हसून तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पदराने डोळे पुसून एकदम म्हणालात, "मामा, मी तीस वर्षं चुकीचं शिकवलं."

मी म्हटलं, "चहा घ्या आधी."

तुम्ही चहा घेतला नाही, बोलतच सुटलात. तिकडे भाजीवाला इंग्रजी बोलतो, बसचा ड्रायव्हर बोलतो, नळ दुरुस्त करायला येणारा बोलतो. आणि हे सगळे त्यांच्या भाषेच्या शाळेत शिकलेले. गणित त्यांच्या भाषेत, इतिहास त्यांच्या भाषेत, इंग्रजी नुसता एक विषय. "मग आपल्या पोराला दहा वर्षं इंग्रजी शिकून पाण्याचा ग्लास मागता का येत नाही, मामा?"

मी काय सोडतो की काय? म्हटलं, "त्यांची भाषा आणि इंग्रजी नात्यातल्या असतील. आम्हाला नाही का गुजराती येत? दुकानात उभं राहून शिकलो. त्यात काय मोठं?"

"नात्यातल्या आहेत, कबूल," तुम्ही म्हणालात. "पण मुलीच्या शेजारी एक फिनलंडची बाई राहते. तिच्या भाषेचा इंग्रजीशी लांबचाही संबंध नाही. तीही फाडफाड बोलते. आता बोला."

मग मी ऐकून घेतलं. तिकडे टीव्हीवर इंग्रजी सिनेमा लागला की माणसं इंग्रजीतच बोलतात आणि खाली त्यांच्या भाषेत लिहून येतं. पोर शाळेत जायच्या आधीपासून ते कानावर पडत राहतं. सायली तेव्हा लहान होती, ती मध्येच म्हणाली, "आपल्याकडे तर गोरा माणूस हिंदीत शिव्या देतो!" तुम्ही तिला टाळी दिलीत. मग नातवाच्या शाळेत जाऊन बसलात ते सांगितलंत. तिथली बाई 'ओपन द विंडो' म्हणाली की मुलगा उठतो, आणि खिडकी उघडतो. 'म्हणजे' नाही, काही नाही. एवढं सांगून तुम्ही माझ्याकडे बघितलंत. हातोडीचं तुम्ही विसरला नव्हता.

"आणि चुकलं तर?" मी विचारलं.

"चुकलं तर बाई चूक म्हणतच नाही. मुलगा म्हणाला, 'आय गोएड' असं काहीतरी, तर ती म्हणते, 'हो का, कुठे गेलास?' आणि त्यात बरोबर शब्द सहज घालून देते. कोणी हसत नाही. मूल पुढे बोलत राहतं."

'कोणी हसत नाही' म्हणताना तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या मात्र जिवाला लागलं.

तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं ते त्या शेवटच्या रविवारपर्यंत. मी म्हणायचो, आम्ही मिलमध्ये शाळेशिवाय शिकलो. सूतकताईच्या ज्या खात्याला साहेब थ्रॉसल म्हणायचा त्याला आम्ही त्रासन केलं. सोळा वर्षं मी त्रासनात काढली, नावाप्रमाणे त्रासही होता. पण आम्हाला कोणी स्पेलिंग विचारलं नाही. साहेबाला कळायचं, मशीनला कळायचं, बस. जीभ आमची वळत नव्हती असं नाही.

"शब्द आले, मामा. वाक्य कुठे आलं?"

"वाक्य बोलू कोणी दिलं, बाई?"

यावर तुम्ही कधी स्वतःची बाजू मांडायच्या. साठ मुलं आणि पस्तीस मिनिटं, एकेकाच्या वाट्याला अर्धं मिनिट, त्यात कोण काय बोलणार? बोलायच्या परीक्षेचे मार्क तर पोरं न बोलताच तुम्ही सगळ्यांना सारखे वाटून टाकायच्या, हेही तुम्हीच सांगितलंत. तुमचा हा गुण मला आवडायचा. स्वतःची चूक तुम्ही दुसऱ्याची असल्यासारखी मोकळेपणी सांगायच्या. मला ते कधी जमलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात वाद लागला. सायली मराठी शाळेत. हट्ट माझा. सून मनीषा मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात काउंटरला असते, दिवसभर गिऱ्हाइकांशी इंग्रजी बोलते. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या हट्टापायी पोरीचं नुकसान होतंय. तिला इंग्रजीत प्रश्न विचारला की ती जमिनीकडे बघते." खोटं नव्हतं. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "मराठी शाळा सोडू नका. रविवार मला द्या."

मंडळाची तळमजल्याची खोली मी मागून घेतली. एका बाजूला ढोल रचलेले, एका बाजूला गेल्या वर्षीच्या मखराचे तुकडे, मध्ये सतरंजी. नऊ पोरं. रविवारी सकाळी नऊ वाजता तुम्ही गिरगावातून बस पकडून यायच्या. मी किल्ली घेऊन दारात. स्टूल घरून आणलं, जुनी सवय. मनीषाने अट घातली, दोन वर्षं बघते, नाहीतर जूनपासून इंग्लिश मीडियम. ती दोन वर्षं येत्या जूनला संपतात.

क्लासची सुरुवात तुम्ही कशी करायच्या ते आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ आहे. आधी 'आजची चूक'. पहिल्या दिवशी स्वतःची सांगितलीत. हॉलंडमध्ये पाववाल्याकडे गेलात आणि त्यांच्या भाषेत ठणकावून म्हणालात, "मी एक पाव आहे." पोरं सतरंजीवर लोळली. तुम्ही त्यांना हसू दिलंत, तुम्हीही हसलात, आणि मग म्हणालात, "पण पाव मिळाला. आता तुमची चूक." त्या रविवारपासून प्रत्येकाने एक चूक घेऊन यायची. चूक आणली नाही तर खाडा लावायच्या. हा आमच्या मिलचा शब्द मीच तुम्हाला दिला होता, कामावर गैरहजर राहिलं की खाडा. हळूहळू बाकीची आठही पोरं बोलायला लागली. सायली चुका वहीत लिहून आणायची आणि वही पुढे करायची. तोंड उघडायची नाही. माझीच नात.

तुम्ही एकच काम मला सारखं सांगायच्या, "मामा, ढोल हलवा ना, मागची खिडकी मोकळी होईल." मी म्हणायचो, मंडळाची पोरं हलवतील. दोन वर्षं ते झालं नाही.

त्या शेवटच्या रविवारी क्लास सुटल्यावर तुम्ही सतरंजी घडी करता करता म्हणालात, "मामा, सायली बोलत नाही, कारण तिचा आजोबा बोलत नाही. पुढच्या वेळी आजची चूक तुमची."

मी म्हटलं, "माझी चूक सगळ्या शाळेला माहीत आहे. तुम्ही हसला होता."

"मी? कधी?"

बाई, तुम्ही हसलात त्याचं एवढं नाही, पण तुम्ही विसरलात याने माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, गेट, साहेब, लेट बाई कमिंग. आणि जिना. तुम्ही घडी केलेली सतरंजी पोटाशी धरून उभ्या राहिलात.

"मी जिन्यावर का होते, माहीत आहे? साहेब आल्याचं कळलं आणि मी वरच थांबले. खाली आले तर ते माझ्याशी इंग्रजीत बोलतील. मी इंग्रजीची शिक्षिका, मामा. पुस्तकातलं शिकवायचे, पण समोरासमोर बोलायची वेळ आली की मी पळ काढायचे. तुम्ही बोललात. मी लपले होते. हसले ते सुटका झाली म्हणून. माझ्याऐवजी दुसरं कोणीतरी चुकलं म्हणून."

मग म्हणालात, "माझं चुकलं."

मी काय म्हणालो? "बरं," म्हणालो. फक्त बरं. दाराला कुलूप लावलं. तुम्ही बस स्टॉपकडे वळलात तेव्हा मागे बघून ओरडलात, "मामा, रविवारी आधी तुम्ही, मग मी!" आणि मी म्हटलं, "बघू."

पस्तीस-चाळीस वर्षं धरून ठेवलेला राग तुमच्या त्या दोन शब्दांत गेला होता. घरी पोचेपर्यंत गेला होता. मला परत फिरून सांगता आलं असतं, बस यायला वेळ होता. पण मी ठरवलेलं मोडत नाही, या एका गोष्टीचा मला आयुष्यभर गर्व. तो गर्व त्या दिवशी मला घरी घेऊन आला. आता सांगतो, बाई. राग नाही. उलट, ज्या बाईने स्वतःची भीती शिपायाला सांगितली, तिच्यासारखी शिक्षिका मी दुसरी बघितली नाही. हॉलंडला असली तर असो.

शनिवारी तो मेसेज आल्यावर मनीषा कामावरून आली. तिचे डोळे भरले होते, खोटं का बोलू. पण थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "मग बाबा, क्लास आता बंदच ना? मी जूनचा फॉर्म आणून ठेवू?" सायली भिंतीकडे तोंड करून पडली होती. आमच्या मंडळी आतून म्हणाल्या, "किल्ली खय असा तुमची? उद्या आयतवार मा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी मंडळाची खोली उघडली. एकेक ढोल ओढत बाजूला केला. अकरा होते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कंबर कामातून गेली, पण मागची भिंत मोकळी झाली. खिडकीच्या कडीला तेल सोडलं. सतरंजी घातली. तुम्ही बसायच्या ती जागा रिकामी ठेवली आणि स्टूल बाहेर न ठेवता आत घेतलं.

नवाला पोरं आली. नऊच्या नऊ. सगळ्यांना कळलेलं होतं. मनीषा कामाचे कपडे घालून दारात उभी होती, जाता जाता बघायला.

मी उभा राहिलो. म्हटलं, "आजची चूक माझी." आणि मोठ्याने म्हणालो, "लेट बाई कमिंग."

मग सगळं सांगितलं. साहेब, सूट, छाती काढून उभा राहिलेला मी, जिना. जिन्यावर कोण होतं आणि का, तेही सांगितलं, कारण तुम्ही असता तर तुम्हीच सांगितलं असतं. आधी कोणी हसेना. मग सगळ्यात धाकटा आर्यन फिसकन हसला आणि घाबरून तोंडावर हात ठेवला. मी म्हटलं, हस रे. मग सगळे हसले. मनीषा हसली. मीही हसलो, बाई, त्या वाक्यावर आयुष्यात पहिल्यांदा.

हसू थांबलं तेव्हा सायली उठून उभी राहिली. वही खालीच ठेवली. तुम्ही जसं चूक न म्हणता बरोबर शब्द सहज हातात द्यायच्या, अगदी तसंच, माझ्याकडे सरळ बघत ती म्हणाली, "येस, आजोबा. बाई इज कमिंग लेट."

पूर्ण वाक्य. पोरीने जमिनीकडे बघितलं नाही.

मनीषाने दारात चपला काढल्या, आत आली आणि सतरंजीच्या कडेला बसली. घड्याळात बघत म्हणाली, "अर्धा तास आहे माझ्याकडे. आणि दर रविवारी माझी ड्युटी अकरानंतरच असते, बाबा, एवढा वेळ बसता येईल." फॉर्मचं नाव काढलं नाही.

मग मी माझ्या स्टुलावर बसलो, आणि वीस वर्षं दाराबाहेरून ऐकलेलं तुमचं वाक्य, 'म्हणजे' न लावता, म्हणालो.

"ओपन द विंडो."

नऊच्या नऊ उठली.